मेहुण्याचं पोटकंत्राट आणि तुमची सही

तुमचा प्रश्न मला असा समजला: बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात तुम्ही उपअभियंता आहात. मेहुण्याच्या फर्मकडे एका कामाचं पोटकंत्राट आहे आणि त्याच कामाची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं, ज्यावरून बिल निघतं) तुमच्याकडे तपासायला येणार आहे. साहेब म्हणतात, "नियमात बसतंय, सही करा." अशा वेळी बाहेरच्या कुणाला विचारावं का?

जरूर विचारावं. ठाण्यात स्थानिक निधी लेखापरीक्षेत नोकरी करताना अशा नस्त्या, म्हणजे फायली, माझ्या हातून गेल्या आहेत. एक पैसाही न घेतलेला अधिकारी "मी हे तेव्हाच सांगितलं होतं" एवढंही कागदावर दाखवू शकत नाही, हे बघून फार वाईट वाटायचं.

साहेबांचं म्हणणं शब्दशः बरोबर आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, आणि तुमच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेली मुलं व इतर नातेवाईक. स्वतःचा धंदा असलेला मेहुणा त्यात येत नाही. पण उद्या एखाद्या नाराज ठेकेदाराने तक्रार केली, तर चौकशीत व्याख्येच्या आधी विचारतील, "नातं माहीत होतं ना? मग कुणाला कळवलंत?"

आता साहेबांचाच सल्ला का पुरत नाही? ते माणूस म्हणून सज्जन असतील. पण 31 मार्चच्या आत बिल काढायचं दडपण त्यांच्यावर आहे, आणि तुमचा गोपनीय अहवालही तेच लिहितात. विधी अधिकारी कार्यालयाची बाजू सांभाळणार. तुम्हाला हवा आहे असा माणूस, ज्याचा तुमच्या सहीत काहीच स्वार्थ नाही, आणि ज्याच्याशी बोललेलं कार्यालयात फुटणार नाही.

आपल्याकडे नेमकी हीच जागा रिकामी आहे. लोकायुक्त 1972 पासून आहेत, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पण दोन्हीकडे गाडी सुरू होते ती बहुधा तक्रारीनंतर. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जानेवारी 2007 च्या अहवालात संसदेच्या प्रत्येक सभागृहासाठी नीतिमत्ता आयुक्ताची शिफारस केली होती. सदस्यांना गरज पडेल तेव्हा सल्ला देणं हे त्याच्या कामातच धरलं होतं. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात मार्च 2019 पासून प्रत्येक नगरपालिकेला असा आयुक्त नेमावा लागतो किंवा दुसऱ्या नगरपालिकेच्या आयुक्ताची सोय करावी लागते. तिथला नगरसेवक मतदानाआधी लेखी विचारतो आणि त्याला लेखी उत्तर मिळतं. ठाणे आणि नवी मुंबईसारख्या महापालिकांना, जिथे नातेवाइकांचे धंदे आणि पालिकेची कामं एकाच शहरात आहेत, याची किती गरज आहे! प्रामाणिक माणसाला एकटं पाडणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

तोवर तुम्ही एवढं करा. सेवाविषयक प्रकरणं चालवणारा, तुमच्या खात्याशी संबंध नसलेला वकील किंवा दुसऱ्या खात्यातून निवृत्त झालेला ज्येष्ठ अधिकारी गाठा. नातं, फर्म, रकमा, सगळं खरं सांगा; अर्धवट माहितीवर घेतलेला सल्ला उपयोगाचा नाही. मग पुस्तिका हातात येण्याआधी साहेबांना टिपणी द्या: अमुक फर्म माझ्या मेहुण्याची आहे, तपासणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करावी. आवक क्रमांक घेऊन प्रत घरी ठेवा. साहेबांनी तरीही "तुम्हीच करा" म्हटलं, तर तो आदेश नस्तीवर लेखी मागा. तोंडी आदेशावर सही करू नका.