गोव्यातील समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकवरची, म्हणजे तात्पुरत्या खानावळीतली, हंगामी नोकरी सोडून वेर्ण्याच्या कारखान्यात गेल्यास माणूस संघटित क्षेत्रात आला असे म्हणता येईल का?

केवळ कारखान्याच्या फाटकातून आत गेल्याने तसे होत नाही. वेर्णा औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेला, पण नेमणूकपत्र किंवा भविष्यनिर्वाह निधीचे खाते नसलेला कामगार नामांकित कंपनीच्या आवारात राबत असला तरी असंघटितच ठरतो. शिवाय ही वाट एकेरी नाही. 2012 मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा पगारपत्रक असलेल्या कित्येकांना मिळेल त्या कामाकडे वळावे लागले; खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे हाल तर विचारूच नयेत.

आपल्याकडे ऑक्टोबर ते मे शॅकवर आणि पावसाळ्यात अन्यत्र, असे येणे-जाणे चालूच असते. म्हणून प्रत्येक नव्या ठिकाणी जुनाच यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा कायमस्वरूपी क्रमांक, द्यावा. या निधीशी जोडलेल्या निवृत्तिवेतनासाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते आणि मधल्या खंडानंतरही आधीची सेवा जोडली जाते. मात्र नोकरी सुटल्यावर निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतल्यास ती सेवा हिशेबातून जाते, आणि बहुतेकजण नेमके तेच करतात. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असल्यास पगारचिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, 0.75 टक्के कपात दिसते का, तेही पाहावे.