‘आरामात ठेवा’ म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमची मांजर चिंगी १७ वर्षांची आहे. मुलगा पहिलीत होता तेव्हा बुटाच्या खोक्यात घालून आणली होती, आता तो नोकरीला लागून बाहेर राहतो आणि ही अजून त्याच्याच कॉटवर झोपते. दोन वर्षांपासून किडनीचा त्रास आहे, गोळ्या-सलाईन सगळं केलं. मागच्या आठवड्यात रिपोर्ट खूपच वाईट आला आणि डॉक्टर म्हणाले की आता काही उपयोग नाही, फार तर एखाद-दोन आठवडे, घरी न्या आणि आरामात ठेवा. आता आरामात ठेवा म्हणजे काय करायचं ते कोणीच सांगत नाही हो. खाणं समोर ठेवलं की वास घेते आणि तोंड फिरवते. मी सिरिंजने भरवत होते, तर काल माझ्या हातात सिरिंज बघून ती धडपडत पलंगाखाली गेली, तिला धड चालता येत नाही तरी गेली. मी रडलेच. आता दिवसभर बाथरूममध्ये बालदीमागे गार फरशीवर बसून असते. मांडीवर घेतलं की गुरगुरते मात्र, म्हणजे बरं वाटतंय ना तिला? घरात दोन मतं आहेत. नवरा म्हणतो इंजेक्शन देऊन मोकळं करूया, सासूबाई म्हणतात तिच्या वेळेने जाऊ दे. मला काहीच सुचत नाही.
– चिंगीची आई

उत्तर : आधी ती सिरिंज उचलून कपाटात टाका. आजच. बाकीचं मग बोलू.

तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाहीये. सतरा वर्षं जिचं पोट भरलं ती उपाशी बसलीय हे बघवत नाही, मी डॉक्टर असून मलाही बघवलं नव्हतं. पण चिंगी तुमच्यावर रुसून जेवत नाही असं नाहीये. किडनी काम करेनाशी झाली की शरीरातली घाण रक्तातच साठत जाते, त्याने सारखं मळमळतं, तोंडाला एक विचित्र वास यायला लागतो, कधी कधी जिभेवर नि हिरड्यांवर फोड येतात. आपल्याला गाडी लागलेली असताना कोणी घास पुढे केला तर कसं होईल, तसं तिचं दिवसभर चाललंय. त्यात जबरदस्तीने भरवलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या दिवसांत ती तुमच्या हाताला घाबरायला लागते. काल झालंच ना तसं. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की लिव्हरमध्ये चरबी साठते म्हणून आम्हीच लोकांना भरवायला सांगतो, नळी घालून पण भरवतो, पण ते बरं होणाऱ्या मांजराचं. चिंगीचा हिशोब आता वेगळा आहे.

त्याऐवजी डॉक्टरांना फोन करून मळमळीचं औषध विचारा, मॅरोपिटंट नावाचं चांगलं औषध आहे. भुकेसाठी मिर्टाझापिन देतात, त्याची कानाच्या आतल्या बाजूला लावायची क्रीमही निघालीय, म्हणजे तोंड उघडून गोळी ढकलायची झटापट नको. डोस त्यांनाच ठरवू दे, किडनी गेलेल्या मांजराला नेहमीचा डोस जड जातो. मग खाणं किंचित कोमट करा, मांजराचं अंग ३८-३९ डिग्री असतं, साधारण तेवढंच, म्हणजे त्याला वास सुटतो, आणि मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं. पसरट बशीत एक चमचाभर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं वाट बघा, नाही खाल्लं तर उचला. दिवसभर नाकासमोर बशी ठेवली तर त्या वासानेच अजून मळमळतं. किडनीचं पथ्याचं खाणं आता बास, तिला आवडेल ते द्या, तुमचे डॉक्टरही हेच सांगतील. फक्त कांदा-लसूण असलेलं काही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि बोटावरचं दोनदा चाटून ती थांबली तर आज तिचं जेवण तेवढंच झालं असं समजायचं.

पाणी जवळ, उथळ भांड्यात. पीत नसेल तर ओल्या कापसाने ओठ नि हिरड्या नुसत्या ओलसर करा, तोंडात पाणी सोडू नका. कातडीखालून सलाईनने काही मांजरांना दिवसभर बरं वाटतं, पण सुई बघून ती लपत असेल तर माझ्या मते तेही बंद. श्वास जोरात चालत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

आता गुरगुरण्याचं. हे मला नीट सांगायचंय कारण निम्मी माणसं इथेच फसतात. मांजर सुखात असताना गुरगुरतं तसं दुखत असताना, घाबरलेलं असताना, अगदी मरताना पण गुरगुरतं. त्यामुळे तो आवाज सोडा, तोंडाकडे बघा. माँट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची पद्धत मांडली, त्यात पाच गोष्टी बघतात. कान बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेलेत का, डोळे आवळून बारीक केलेत का, नाकाखालचा फुगीर भाग ताणून चपटा झालाय का, मिशा सैल न राहता ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्याच्या खाली गेलंय का. तिच्यासमोर जमिनीवर पाच मिनिटं गप्प बसा आणि बघा. अंगाचं मुटकुळं करून, पंजे पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून ती तासन् तास बसत असेल तर ती झोपलेली नसते हो, सोसत असते. बरेच जण ‘शांत पडून आहे’ म्हणून सांगतात ते हेच.

दुखण्यावर औषध आहे आणि ते मागायला लाजू नका. ब्युप्रेनॉर्फिनचे थेंब गालाच्या आत सोडले की तिथूनच रक्तात जातात, गिळावं लागत नाही. काही डॉक्टर गॅबापेन्टिन देतात. पण घरातली तापाची गोळी चुकूनसुद्धा नाही. पॅरासिटामॉल पचवायची सोय मांजराच्या लिव्हरमध्ये नसते, एका गोळीने मांजर जाऊ शकतं आणि ते फार हालहाल होऊन जातं. आयब्युप्रोफेनचंही तसंच. दर वर्षी कोणीतरी प्रेमापोटी देतंच, म्हणून ओरडून सांगतेय.

बाथरूममधून तिला ओढून आणू नका. आजारी मांजर अंधारा कोपरा शोधतं, ते त्याच्या रक्तातच आहे, तिला तिथे सुरक्षित वाटतंय. तुम्हीच तिथे बिछाना न्या. खाली प्लास्टिक, वर जाड घडी, आणि सगळ्यात वर तुम्ही अंगात घातलेला न धुतलेला सुती कपडा. मुलाचा जुना टीशर्ट असेल तर फारच छान. अंग गार पडत जातं म्हणून ऊब हवी, पण गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बिछान्याच्या एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर सरकायला जागा राहते. इलेक्ट्रिक पॅडवर एकटीला ठेवू नका. सरकायची ताकद नसते, भाजलेलं आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं.

लिटरचा, म्हणजे शू-शीच्या वाळूचा ट्रे तिच्यापासून दोन पावलांवर, आणि त्याची एक बाजू कापून अगदी खाली आणा. जागीच शू झाली तर रागावणं लांबच, पण तसंच राहू देऊ नका, कोमट कापडाने पुसून कोरडं करायचं नाहीतर कातडी सोलवटते. मांजराला घाण राहण्याचा फार संकोच असतो. अंग चाटायची ताकद गेलेली असते ना, तर ते काम तुम्ही करा. ओलसर खरबरीत कापड बोटाला गुंडाळायचं आणि छोटे छोटे फटकारे मारत आधी हनुवटी, मग गाल, मग कानामागे पुसत जायचं, आई पिल्लाला चाटते तसं. माझ्या अनुभवात ज्या मांजराने चार दिवस मान वर केलेली नसते ते यावेळी हनुवटी पुढे करतं.

रात्री एक मंद दिवा राहू द्या. किडनीच्या आजारात बीपी वाढून मांजराची नजर एकदम जाऊ शकते, घरच्यांना पत्ता पण लागत नाही, त्यामुळे सामान हलवू नका आणि हात लावायच्या आधी हाक मारा.

आता तो घरातला वाद. सासूबाई निर्दय नाहीत आणि नवरा पण नाही, दोघांना तिचा त्रास नकोय. फक्त ‘तिच्या वेळेने’ म्हणजे झोपेत हळूच, असं आपल्या डोक्यात असतं. काही मांजरं जातात तशी. पण किडनीच्या आजारात शेवट बऱ्याचदा तसा होत नाही, झटके येतात, घशातून आवाज येत राहतात, आणि ते नेमकं रात्री होतं जेव्हा कोणी फोन उचलत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी एक मोजमाप केलंय, दुखणं (श्वासाचा त्रास त्यातच धरतात), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी मार्क द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असेल तर अजून थांबायला हरकत नाही. तिघांनी वेगवेगळ्या कागदावर मार्क लिहा, एकमेकांना न दाखवता, आणि मग कागद शेजारी ठेवा. वादापेक्षा हे बरं पडतं.

माझं मत विचाराल तर, एक दिवस लवकर चालेल, एक रात्र उशीर नको. माझा बोका १५ वर्षांचा होऊन गेला, त्याच्या पोटात गाठ होती. दुसऱ्याचं मांजर असतं तर मी सोमवारीच सांगितलं असतं की आता थांबवा. पण हाक मारली की तो मान उचलायचा, तेवढ्या एका मानेवर मी गुरुवारपर्यंत ढकललं. बुधवारची रात्र त्याने काढली ती माझ्यामुळे. अजून आठवते.

इंजेक्शनची भीती वाटते म्हणून सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांत ती गाढ झोपते. मग भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस, त्याने एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास घेतल्यासारखं होईल, पाय हलेल, शू होईल, ते बघून दचकू नका, ती तोपर्यंत गेलेली असते. घरी येणारे डॉक्टर असतात, आत्ताच विचारून नंबर लिहून ठेवा. तोपर्यंत घरी ती झोपलेली असताना तिचा श्वास, म्हणजे पोटाचं वरखाली होणं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करत जा, ३० च्या आत हवं. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, झटके आले, किंवा कधी ओरडत नाही ती ओरडायला लागली, तर मार्कांची वाट बघायची नाही, लगेच फोन. आणि मुलाला आजच कळवा. नंतर कळवलंत तर तो तुम्हाला माफ करेल की नाही सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्याकडे दोन मांजरं आहेत, म्हातारी आता फार दिवसांची नाही. दुसऱ्या बोक्याला कळेल का? त्याला लांब ठेवू का?

उत्तर : लांब नका ठेवू. ती गेल्यावर त्याला तिच्याजवळ जाऊ द्या. काही बोके वास घेतात आणि निघून जातात, काही बराच वेळ बसतात, काही ढुंकून बघत नाहीत, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. नंतर काही दिवस तो घरभर शोधेल, रात्री ओरडेल, कमी जेवेल. जेवणाच्या वेळा बदलू नका. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर दाखवून आणा. म्हातारीचा बिछाना लगेच धुवू नका, त्याला हवा असतो. आणि त्याला सोबत म्हणून चार दिवसांत नवं पिल्लू आणायचा विचार असेल तर थांबा, ते पिल्लू बहुतेक तुम्हाला हवं असेल, त्याला नाही.

प्रश्न : मुलगी ६ वर्षांची आहे. मांजराला दवाखान्यात झोपवलं असं सांगू का?

उत्तर : झोपवलं नका म्हणू. आपण मोठी माणसं तो शब्द वापरतो, मीही वापरते, पण त्याच रात्री तुम्ही तिला म्हणणार, चल आता तुला झोपवते. ‘मेली’ म्हणा. तिचं शरीर खूप आजारी होतं, बरं होणार नव्हतं, आता ते चालायचं थांबलंय, तिला दुखत नाहीये, परत येणार नाही. मुलं हे ऐकून कधी कधी लगेच खेळायला पळतात आणि तीन दिवसांनी आंघोळ करताना विचारतात, ती परत कधी येणार? तेव्हा परत तेच उत्तर द्यायचं, त्याच शब्दांत.