चटणी वाटताना मिक्सर मध्येच बंद पडला, आता चालूच होत नाही. मोटर जळाली का?

बहुतेक जळालेली नाही, तळाचा ओव्हरलोड स्विच पडला असणार. कमी पाण्यात खोबरं किंवा भिजवलेली डाळ गच्च भरली की पातं अडतं, मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळण्याआधी हा स्विच वीज तोडतो.

नॉब शून्यावर आणा, प्लग काढा, भांडं उतरवा. मशीन आडवं केलं की तळाशी छोटं, बहुधा लाल, बटण बाहेर आलेलं दिसेल. 15-20 मिनिटं थांबून ते 'टक्' होईपर्यंत दाबा. गरम असताना दाबलं तर ते बसतच नाही, आणि लोक चांगला मिक्सर दुरुस्तीला नेतात! मग रिकामं भांडं लावून 1 नंबरवर 2-3 सेकंदच फिरवा. चालला, तर प्लग काढून भांडं उलटं करा आणि खालचा कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग) बोटांनी फिरवून पाहा. जड जात असेल तर दोष भांड्याच्या बुशात (पात्याचा दांडा फिरतो त्या नळीत) आहे, मोटरमध्ये नाही. फिरत असेल तर वाटण निम्मं करा, दोन-तीन चमचे पाणी घाला.

मात्र रिकामा असतानाही बटण परत बाहेर आलं किंवा जळका वास आला, तर पुन्हा दाबू नका. वाइंडिंग गेलेलं असू शकतं. बटण बाहेर आलेलंच नसेल तर आधी सॉकेटला दुसरं काही लावून बघा. तिथे वीज असेल तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे छोटे ठोकळे) झिजलेत का ते तपासून घ्या. ते जोडीनेच बदलतात.