महालक्ष्म्यांना साडी कोणी नेसवायची?

ताई, आम्ही अकोल्याचे, मी नोकरीसाठी पुण्यात. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या भाद्रपदात वर्षाच्या आत म्हणून घरी महालक्ष्म्या बसल्या नाहीत, यंदा बसणार. लग्न झाल्यापासून ३८ वर्षं दोघींना साडी आईच नेसवते. आत्या म्हणते, आता आईनं हात लावायचा नाही, सुनेनं नेसवायची. बायकोला ते जमत नाही आणि पटतही नाही. आई गप्पच आहे. मी देव मानत नाही, मग यात मी बोलावं का?
एक मुलगा, पुणे

बोलावं की! आणि आत्ताच बोलावं. त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. त्या तीन दिवसांत घरात श्वास घ्यायला फुरसत नसते. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णींची पानं. त्या गर्दीत वाद निघाला की आई ‘जाऊ दे, नको’ म्हणत स्वयंपाकघरात जाईल आणि पुढच्या वर्षीही तिथेच राहील. पहिल्या वर्षी जे होतं त्याचीच रीत पडते.

आईला ‘तुला चालेल का’ असं विचारू नका. त्यावर ‘मला काय, तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच उत्तर येणार. फोन करा आणि विचारा, ‘आई, यंदा दोघींना कोणत्या साड्या काढतेस?’ ती अडखळली तर ऐकून घ्या. कदाचित तिचंच मन कचरत असेल; जन्मभर मानलेलं असं दीड वर्षात सुटत नाही. तसं असेल तर तिला ओढून पुढे करू नका. आपण सुधारक आहोत हे दाखवायला आईला मखरापुढे उभं करणं हीसुद्धा सक्तीच. पण तिचे हात शिवशिवत असतील, तर मात्र कुणाचंही ऐकू नका.

आत्याशी शास्त्रार्थ नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं, हे तुमच्या मनाच्या बळासाठी सांगते. आत्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. तिचा भाऊ गेलाय. महालक्ष्म्या जशा तीन दिवसांच्या माहेरवाशिणी, तशीच तीही त्या घरची. भाऊ नाही तर इथे आता आपलं कोण, ही धास्ती कधीकधी सोवळं नेसून येते (माझ्या ओळखीच्या दोन घरांत तरी आली होती). तिला मानाचं काम द्या. मुखवटे उंबऱ्यातून आत येताना ‘कशाच्या पावलांनी आली?’ हे विचारायला तिलाच उभी करा, आणि हे निमंत्रण तुम्ही स्वतः द्या, आईच्या तोंडून नको.

देव न मानण्याचं म्हणाल, तर सोळा भाज्या निवडायला कुणी आस्तिकपणाचा दाखला मागत नाही. बाबा त्या दिवसांत काय काय करायचे ते आठवा. माळ्यावरून सामान उतरवणं, मखर बांधणं, माळा लावणं, जे असेल ते. ते आता तुमच्याकडे आलं. पहिल्या दिवशी स्टुलावर चढाल तेव्हा घशात आवंढा येईल. येऊ द्या, आईलाही तो दिसू द्या.

सूनबाईंना नेसवता येत नाही हे तर माझ्या मते उत्तमच आहे. एकीनं निऱ्या धरायच्या, दुसरीनं पदर लावायचा, असं ते दोघींचं काम, आणि शिकवायला सासूबाईंना मखराशी यावंच लागेल. त्यासाठी दोन दिवस आधी पोचा. गणपतीच्या आठवड्यात अकोल्याचं तिकीट ऐन वेळी मिळत नाही, ते आजच काढा.