सॅन फ्रान्सिस्कोहून अर्ध्या दिवसात म्यूर वूड्सचं रेडवूड जंगल आणि डिप्सी ट्रेल ही पायवाट, दोन्ही जमेल का?

म्यूर वूड्स आरामात होईल, अख्खी डिप्सी विसरा. मिल व्हॅली ते स्टिन्सन बीच जवळपास 12 किलोमीटर, तेही सुरुवातीलाच सहाशेहून जास्त पायऱ्या! (1905 पासून लोक या वाटेवर शर्यत लावतात, त्यांना दंडवत.)

त्यापेक्षा रेडवूड क्रीकच्या काठाने फळ्यांच्या सपाट वाटेवरून चौथ्या पुलापर्यंत जा आणि येताना हिलसाइड ट्रेल धरा. गर्दी एकदम ओसरते. हिवाळ्यात गेलात तर पुलावर थांबून पाण्यात नीट बघा, नशीब असेल तर अंडी घालायला आलेले कोहो सॅमन मासे दिसतील.

पार्किंगचं बुकिंग आधीच करावं लागतं. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून पावती फोनमध्ये सेव्ह करून न्या. जॅकेट उन्हाळ्यातही लागतं.