वाचकांचे प्रश्न: दिव्यांग मूल, गावची अंगणवाडी आणि सोबतीची माणसे

गेल्या काही महिन्यांत विदर्भाच्या गावागावांतून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला आहे. तीन ते सहा वर्षांच्या दिव्यांग मुलाला आपल्याच गावच्या अंगणवाडीत इतर मुलांबरोबर शिकता यावे, यासाठी कोणाची मदत घ्यावी आणि ती टिकवावी कशी, असे वाचक विचारतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत साडेचार वर्षांचा एक मुलगा येतो. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे) असल्याचे जिल्ह्याच्या दवाखान्यात सांगितले आहे. आधाराशिवाय त्याला बसता येत नाही आणि बोलणे अस्पष्ट आहे, पण गाणी सुरू झाली की तोही हात हलवतो. आजी त्याला कडेवर आणते. कापूस वेचणी लागली की ती वावरात जाते आणि त्याचे येणे बंद होते. पर्यवेक्षिका म्हणतात, एखाद्या संस्थेची मदत घ्या. मला तर कोणतीच संस्था माहीत नाही. – अंगणवाडी सेविका, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

ताई, तुमच्याकडे तो मुलगा गाण्यात सामील होतो, म्हणजे त्याचे शिक्षण सुरू झालेले आहे, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. अंगणवाडीत बसण्यासाठी त्याला दिव्यांग प्रमाणपत्राची गरज नाही. ते पुढे योजनांसाठी लागेल, परंतु ते येईपर्यंत त्याला घरी ठेवण्याचे कारण नाही.

संस्था शोधण्याचे काम मी सर्वांत शेवटी ठेवीन, कारण तुम्हाला लागणारी बहुतेक माणसे तुमच्या अंगणवाडीच्या आसपास आधीच वावरत असतात. आशाताई घरी जातात, आरोग्यसेविका लसीकरणाला येतात, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणी करते आणि समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक जिल्हा परिषदेच्या शाळेत फेरी मारतात. अडचण अशी की यातील प्रत्येक जण वेगळ्या दिवशी येतो, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि वेगळ्या खात्याला अहवाल देतो, त्यामुळे एकाच मुलाबद्दल चार जणांना चार तुकडे माहीत असतात आणि पूर्ण मूल कोणालाच दिसत नाही. आपण ज्याला भागीदारी म्हणतो ती या माणसांना त्या एका मुलासाठी एकदा एकत्र बसवण्यापासून सुरू होते. ग्राम आरोग्य व पोषण दिवस त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्या दिवशी आरोग्यसेविका आणि आशाताई अंगणवाडीतच असतात. आजीला मात्र त्या बैठकीत पाहुणी म्हणून बसवू नका. मूल कशाने रडते, कोणत्या कुशीवर निजते, घास कसा गिळते, हे तिच्याइतके तेथे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून पहिले बोलणे तिचे असावे.

बैठकीत विषय मोजकेच घ्यावेत. पहिला बसण्याचा. अशा मुलासाठी कोपऱ्याच्या आकाराची, पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणारी लाकडी खुर्ची लागते, जिच्यात कंबर आणि गुडघे काटकोनात राहतात आणि पाऊल फळीवर पूर्ण टेकते. ती गावचा सुतार करू शकतो, परंतु मापे मात्र फिजिओथेरपिस्टने घेतलेली असावीत, कारण चुकीच्या खुर्चीने पाठीचा कणा वाकू शकतो. आरोग्य पथकाने संदर्भपत्र दिल्यावर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतील अडचणींची तपासणी व उपचार होतात तेथे, ही मापे मिळू शकतात. तेथे जाताना जुने सर्व कागद आणि, घरच्यांची हरकत नसेल तर, तो अंगणवाडीत कसा बसतो याचा मोबाईलवरचा छोटा व्हिडिओ न्यावा. दवाखान्यात घाबरलेले मूल आपले खरे रूप दाखवत नाही.

दुसरा विषय खाण्याचा. गरम आहार त्याला आडवे ठेवून कधीही भरवू नये. सरळ बसवून, मान किंचित पुढे झुकलेली ठेवून, मऊ खिचडीचा लहान घास द्यावा आणि तो गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. हे मदतनीस ताईंना समक्ष शिकवून घ्यावे, कारण तुम्ही वीस मुलांचे गाणे घेत असताना भरवण्याचे काम त्यांच्याकडेच येणार आहे.

तिसरा विषय वेचणीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे पुष्कळ दिव्यांग मुलांचे शिक्षण हंगामापाशी तुटते. मजुरी बुडवून आजीने रोज मुलाला आणावे, अशी अपेक्षा कोणीही करू नये. गावातील बचत गटांच्या ग्रामसंघापुढे हा प्रश्न मांडा. त्या वस्तीतून अंगणवाडीकडे रोज येणारी दुसरी आई असते, शाळेत जाणारा मोठा भाऊ असतो, कधी वेचणीला न जाणारी एखादी वयस्कर शेजारीण असते. दिवाळीच्या आधीच कोण कोणत्या वारी आणील हे ठरले, तर तो खंड टळतो.

विशेष शिक्षकांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. ते शिक्षण खात्याचे आणि अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, त्यामुळे ते आपणहून तुमच्या दारात येतीलच असे नाही. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिले, तर शाळेतील फेरीच्या दिवशी त्यांना तासभर अंगणवाडीत थांबता येते. दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला आहे आणि त्यात लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला व कुटुंबाला सामावून घेणे आणि आशा, आरोग्यसेविका व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणे, ही तिन्ही कामे सांगितली आहेत. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करावा.

आणि सर्व नोंदी एकाच वहीत ठेवाव्यात. ती वही मुलाच्या घरी राहावी आणि जो कोणी त्याला भेटेल त्याने तिच्यात तारीख घालून लिहावे.

प्रश्न : आमची मुलगी तीन वर्षांची आहे. ती अजून एकही शब्द बोलत नाही आणि मागून हाक मारली तर वळत नाही. नातेवाईक म्हणतात, काही मुले उशिरा बोलतात, थांबा, नाहीच बोलली तर सहा वर्षांची झाल्यावर निवासी मूकबधिर शाळेत टाका. तोपर्यंत अंगणवाडीत पाठवून उपयोग आहे का? – एक वडील, मोहाडी तालुका, जि. भंडारा

थांबू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तीन वर्षांचे मूल एकही शब्द बोलत नसेल, तर पहिली गोष्ट म्हणजे कानांची तपासणी. एवढ्या लहान मुलाला ‘ऐकू येते का’ असे विचारून कळत नाही, त्यासाठी ते झोपेत असताना होणारी बेरा नावाची चाचणी असते. ती जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत किंवा वैद्यकीय महाविद्यालयात करून घेता येते. मेंदूतील भाषेची घडण या पहिल्या वर्षांतच वेगाने होत असते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (कानात शस्त्रक्रियेने बसवण्याचे श्रवणसाधन) केंद्र सरकारच्या सहाय्यक साधनांच्या योजनेत पाच वर्षांपर्यंतची वयोमर्यादा आहे ती याच कारणाने. सहा वर्षांपर्यंत थांबलात, तर ते दार तुमच्यासाठी बंद झालेले असेल. ऐकू येते असे निघाले, तर न बोलण्याचे कारण स्वमग्नता (ऑटिझम) किंवा इतर काही असू शकते, आणि त्याचीही तपासणी तेथेच होते.

तपासणी सुरू असतानाच तिला अंगणवाडीत पाठवा. बरोबरीच्या मुलांकडे पाहून ती खुणा, खेळ, पाळी येईपर्यंत थांबणे आणि मैत्री शिकेल, आणि हे घरी एकटीला शिकवता येत नाही. सेविकाताईंना सांगा की बोलताना तोंडावर उजेड पडेल अशा बाजूला उभे राहावे, मुलीला समोर बसवावे आणि प्रत्येक गाण्याला हातांच्या खुणा जोडाव्यात. त्या खुणा सर्व मुलांनी शिकल्या पाहिजेत, नाहीतर तिला बोलायला माणूसच उरणार नाही.

निवासी शाळा वाईट असते असे मी म्हणत नाही. जिल्ह्यातील मूकबधिर शाळेतील शिक्षकांना खुणांच्या भाषेचा आणि श्रवणयंत्रांचा जो अनुभव असतो तो सेविकेकडे नसतो, म्हणून त्या शाळेला आजपासूनच सोबती करून घ्या. महिन्यातून एकदा आई-वडिलांनी तेथे जाऊन एक दिवस वर्गात बसावे आणि शिकलेले घरी व अंगणवाडीत वापरावे. कायद्याचेही येथे सांगितले पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयासाठी आहे आणि शिक्षण हक्क कायदाही सहाव्या वर्षापासून लागू होतो. सहाच्या आतील मुलाला तितके भक्कम संरक्षण नाही, ही मोठी उणीव आहे. तरीही २०१६ च्याच कायद्यात सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे, आणि ती तुम्ही हक्काने मागू शकता.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी आम्ही दरवर्षी दिव्यांगांना वाटतो. लहान मुलांसाठी त्यातून काय करता येईल? – सरपंच, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

सरपंच महोदय, लहान ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न थोडे असते आणि त्याचे पाच टक्के आणखी थोडे, म्हणून तो निधी मोठ्या बांधकामात अडकवू नये असे मला वाटते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) शासन निर्णयातील अनुज्ञेय बाबी तपासून घेऊन लाकडी खुर्ची, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे भाडे असा खर्च सुचवता येईल. उतरण (रॅम्प), शौचालयातील पकडदांडा आणि रुंद दार ही कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावीत. आराखड्याच्या ग्रामसभेला अशा मुलांच्या आयांना आवर्जून बोलवा आणि ती सभा रोवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत ठेवू नका. त्या दिवसांत त्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात असतात.

प्रश्न : सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलीला दिव्यांग मानायचे का? तिला खेळू द्यावे का? – सेविका, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

होय, २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत सिकलसेलचा समावेश आहे. तिला खेळू द्यावे, पण मध्ये मध्ये विश्रांती आणि भरपूर पाणी द्यावे, आणि तिला फार थंडी लागू देऊ नये. ताप आला, धाप लागली, पोट फुगले किंवा सांधे खूप दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. दुखण्याने ती वारंवार गैरहजर राहील, म्हणून तिचे नाव कमी करू नका. आशाताईंच्या सोबतीने चित्रे आणि खेळणी तिच्या घरी पाठवत राहा.

प्रश्न : आमच्या भागातील एक कारखाना दिव्यांग मुलांसाठी सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी द्यायला तयार आहे. अधिकारी म्हणतात, दहा अंगणवाड्या रंगवून देतो. आम्ही तरुण मंडळाने काय मागावे? – एक कार्यकर्ता, राजुरा तालुका, जि. चंद्रपूर

कोळसा आणि सिमेंटच्या तुमच्या पट्ट्यात असा निधी मिळू शकतो, हे खरे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत विशेष शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. रंगवलेल्या भिंती चांगल्या दिसतात, परंतु ऐकू न येणाऱ्या किंवा चालता न येणाऱ्या मुलाचे त्याने काहीही बदलत नाही. तुम्ही माणूस मागा. दहा अंगणवाड्यांमध्ये दर आठवड्याला फिरणारा एक फिजिओथेरपिस्ट आणि एक विशेष शिक्षक, त्यांचा पगार आणि प्रवास, तोही किमान तीन वर्षांसाठी. एका वर्षाने बंद पडणारी थेरपी मुलाला आणि आईला अधिक खचवते.

करार तोंडी ठेवू नका. त्यात कारखाना, बालविकास प्रकल्प कार्यालय, ग्रामपंचायत आणि तुमचे मंडळ यांची कामे वेगवेगळी लिहावीत. फिरते तज्ज्ञ मुलाला बाहेर काढून वेगळ्या खोलीत शिकवणार नाहीत, सेविकेच्या शेजारी बसून तिलाही शिकवतील, असे स्पष्ट लिहावे. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे फलकांवर किंवा अहवालांत छापली जाणार नाहीत, हे कलम तर मी पहिल्या पानावर घेईन. आणि निधी संपण्याच्या सहा महिने आधी सर्वांनी बसून पुढची सोय ठरवावी, ही अटही त्यातच असावी. आढावा बैठका कारखान्याच्या कार्यालयात न घेता अंगणवाडीत घ्याव्यात, म्हणजे आई-वडिलांना येता येईल आणि अधिकाऱ्यांना मुले प्रत्यक्ष दिसतील.