बाबा नाटक करत नाहीत

'ताई, सासऱ्यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. सकाळी अकराला अंगणात छान फिरतात. दुपारची गोळी मी वरण-भाताबरोबर देते, पण जेवून उठले की स्वयंपाकघराच्या दारात पाय चिकटल्यासारखे उभेच. सासूबाई म्हणतात, "मुद्दाम करतात, तोंडावर राग बघ." शेजारचे कवचबीजाचं चूर्ण द्या म्हणतात. काय करू?'
– एक सून, सातारा

अगं, मुद्दाम नाही. आधी दुपारची गोळी बघू. पाकिटावर लेव्होडोपा लिहिलेलं असेल, म्हणजे पार्किन्सन्समध्ये हालचाल मोकळी करणारं औषध. हे औषध आणि वरण-दह्यातली प्रथिनं शरीरात एकाच दारातून आत शिरतात. दोघांची गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून ती साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास तरी देतात. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून एखादं बिस्किट चालेल. वरण मात्र बंद करू नकोस, आधीच या आजारात वजन उतरतं.

आजार जुना होत जातो तसा एकेका गोळीचा असरही लवकर उतरायला लागतो. म्हणून अकराचे बाबा आणि दीडचे बाबा वेगळे दिसतात. गोळी कधी दिली, कधी पाय मोकळे झाले, कधी अडकले, हे आठवडाभर वहीत लिही. न्यूरॉलॉजिस्टला त्यावरून डोस आणि वेळा बसवता येतात. मनाने गोळी वाढवायची नाही आणि अचानक बंद तर मुळीच करायची नाही, ते धोक्याचं आहे.

दारात अडकले की हात धरून ओढू नका, तोल जाईल. 'चला, चला' असा धोशाही नको. थांबू दे, श्वास घेऊ दे, मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत 'एक-दोन, एक-दोन' म्हणत पाऊल उचलायला सांग. उंबऱ्याजवळ जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मार. रेघ ओलांडायची म्हटलं की पुष्कळांचा पाय सुटतो.

कवचबीज म्हणजे आपली खाजकुहिलीच, आणि तिच्यात लेव्होडोपाच असतो! गोळीवर चूर्ण म्हणजे न मोजता जादा औषध. शेजाऱ्यांना गोड बोलून परत कर.

राहिला तो राग. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, म्हणून हसू उमटत नाही. आत माणूस खुशीत असू शकतो. सासूबाईंना हे तू सांगून पटायचं नाही. पुढच्या तपासणीला वहीबरोबर त्यांनाही ने, आणि हा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू दे.